थायलंडचं मूळ रेड बुल आपल्यापेक्षा खरंच कडक असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात बायको आणि वडिलांसोबत बँकॉक आणि क्राबीला जायचंय. इथे अधूनमधून रेड बुल पिणं होतं. मित्रांनी सांगितलंय की थायलंडची मूळची बाटली आपल्या कॅनच्या दुप्पट कडक असते, एक प्यायली तर रात्रभर डोळा लागत नाही. हे खरं का? पिऊन पाहावी का? वडिलांना बीपीची गोळी चालू आहे, त्यांनी चव घेतली तर चालेल का? आणि येताना मित्रांसाठी चार बाटल्या आणता येतील का?

मी अन्नतंत्रज्ञ आहे. शीतपेयांचं फॉर्म्युलेशन हे माझं काम: साखर किती, आम्ल किती, गॅस किती, कोणता फ्लेवर, आणि हे सगळं मिळून कायद्यात बसतं का ते पाहणं. कॅफीनवाली पेयं हा या कामाचा मोठा भाग आहे. मी डॉक्टर नाही, म्हणून वडिलांबद्दल खाली लिहिलंय ते त्या मर्यादेत वाचा.

बाटली दुप्पट कडक नसते. एका थाई बाटलीत आपल्या कॅनपेक्षा कॅफीन कमी असतं. तरीही तुमचे मित्र थापा मारताहेत असं मी म्हणणार नाही. ती बाटली पिताना कडक वाटते हे खरं आहे, आणि ती का वाटते हेच समजून घेण्यासारखं आहे.

आधी आकडे पाहू. आपल्याकडे एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे कॅफीनयुक्त पेयात लिटरला किमान १४५ आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं. म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये फार तर ७५ मिलिग्रॅम. युरोपात मिळणाऱ्या रेड बुलच्या तेवढ्याच कॅनमध्ये ८० मिलिग्रॅम असतं. थायलंडची जी मूळची बाटली, क्राटिंग डेंग नावाची, ती १५० मिलीची असते आणि तिच्यात ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं. तिथल्या नियमात एका बाटलीला हीच कमाल मर्यादा आहे, त्यामुळे शेजारच्या फळीवरच्या एम-१५० किंवा काराबाओ या दुसऱ्या थाई एनर्जी ड्रिंक्समध्येही याहून जास्त मिळणार नाही.

आता १०० मिलीचा हिशेब करा. थाई बाटलीत सुमारे ३३, युरोपच्या कॅनमध्ये ३२, आपल्याकडे ३०. दाटपणा जवळपास सारखाच. पण शरीराला १०० मिलीशी काही देणंघेणं नसतं, पोटात एकूण किती गेलं त्याच्याशी असतं. ते पाहिलं तर एक थाई बाटली म्हणजे आपल्या कॅनचा दोन-तृतीयांश. ही गोष्ट नीट दिसावी म्हणून आणखी दोन उदाहरणं देते. जपानचं लिपोविटान-डी हे असंच पेय १०० मिलीच्या बाटलीत येतं, त्यात ५० मिलिग्रॅम. चीनमधल्या रेड बुलचा सोनेरी कॅन २५० मिलीचा, त्यातही ५० मिलिग्रॅमच. जपानी बाटली चिनी कॅनपेक्षा अडीचपट दाट आहे, पण संपवल्यावर दोघांकडून शरीराला मिळतं ते सारखंच. परदेशात कुठलंही असं पेय उचललंत की आधी हा एकच आकडा काढा: पूर्ण बाटलीत किती मिलिग्रॅम. बाकीची वर्णनं त्यानंतर.

मग कडक का वाटते?

आमच्याकडे चवचाचणी होते तेव्हा प्रशिक्षण नसलेल्या माणसांना दोन नमुने देऊन ‘यातलं स्ट्राँग कोणतं?’ असं विचारलं, की बहुतेक जण जे जास्त गोड, जास्त दाट आणि कमी गॅसचं असतं त्याच्याकडे बोट दाखवतात. कॅफीन दोन्हीत सारखं असलं तरी. याला कारण आहे. कॅफीन कडू असतं, पण लिटरला ३०० मिलिग्रॅम एवढ्या प्रमाणातलं कडूपण साखर आणि सायट्रिक आम्ल मिळून झाकून टाकतात. ते झाकणं हेच तर आमचं काम. त्यामुळे जिभेला कॅफीनचा डोस कळायला मार्गच उरत नाही. जीभ मग जे कळतं त्यावरून अंदाज बांधते, आणि कळते ती गोडी.

थाई बाटलीत गॅस नसतो. आपल्याला माहीत असलेल्या कॅनमध्ये असतो. गॅस म्हणजे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. तो जिभेवर आंबटपणा आणि किंचित झोंबरेपणा आणतो, आणि त्यामुळे साखरेची गोडी दबते. त्यात कॅन बर्फासारखा थंड असतो, आणि थंडीनेही गोडी कमी जाणवते. २५० मिलीच्या साध्या रेड बुलमध्ये २७ ग्रॅम साखर असते, चहाचे साडेपाच-सहा चमचे. एवढी साखर चहात घातली तर कुणी तोंडात धरणार नाही. कॅनमध्ये ती खपते ती गॅस, थंडी आणि आंबटपणामुळे.

हे घरीच करून पाहा, जाण्याआधी. नेहमीचा कॅन एका पातेल्यात ओता, चमच्याने ढवळून गॅस घालवा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग एक घोट घ्या. पेय तेच, कॅफीन तेच, साखर तीच. पण जाड, चिकट, गोडमिट्ट लागेल आणि ब जीवनसत्त्वांचा तो औषधी वास एकदम वर येईल. हा घोट लक्षात ठेवून थाई बाटली उघडा. ती पुष्कळशी याच्याच जवळची लागते: गोड, सपाट, लहानपणी आजारातून उठल्यावर द्यायचे त्या बी-कॉम्प्लेक्सच्या सिरपसारखी. ज्यांना गॅसवाल्या कॅनची सवय आहे त्यांना पहिल्या घोटाला ती ‘अर्क’ वाटते, आणि अर्क म्हटलं की ताकद आलीच, अशी आपली समजूत असते.

दुसरं कारण बाटलीच्या आकाराचं आहे. गॅस असला की पोट फुगतं, ढेकर येते, माणूस थांबत थांबत पितो. १५० मिली सपाट पेय दोन-तीन घोटांत संपतं. एक बाटली अशी पटकन प्यायल्याने रक्तातल्या कॅफीनमध्ये फार मोठा फरक पडतो असं नाही. सावकाश प्या किंवा भरभर, ते साधारण अर्ध्या ते एका तासात पूर्ण चढतं. फरक पडतो तो पुढे. बाटली छोटी, स्वस्त, दहा-बारा बात (थाई चलन) एवढ्यात मिळणारी. संपली तरी काही प्यायल्यासारखं वाटत नाही, म्हणून दुसरी उघडली जाते, मग तिसरी. तीन झाल्या की १५० मिलिग्रॅम, म्हणजे आपले दोन कॅन. रात्रभर जागे राहिलेल्या मित्रांना एकदा विचारा, बाटल्या नक्की किती होत्या आणि त्या दिवशी चहा-कॉफी किती झाली होती.

तिसरं कारण म्हणजे प्रवास. मुंबईहून बँकॉकची बरीच विमानं रात्री निघतात, साडेचार-पाच तासांत पोचवतात आणि तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असतं. म्हणजे पहाटे उतरता तेव्हा झोप जवळपास झालेलीच नसते. दिवसभर उकाड्यात चालणं, मध्ये थाई चहा, कुठे कोला, संध्याकाळी कॉफी. अशा शरीरात ५० मिलिग्रॅमसुद्धा छाती धडधडवू शकतं, आणि दोष जातो त्या बाटलीवर, कारण दिवसभरातली तीच एक नवी गोष्ट असते.

या बाटलीची कहाणी थोडी सांगायला हवी, कारण ‘मूळचं ते खरं, बाकी पाणी घातलेलं’ हा समज तिच्यातूनच आला आहे. अशा छोट्या बाटलीची पद्धत जपानची. ताइशो या औषध कंपनीने १९६२ मध्ये लिपोविटान-डी आणलं, टॉरीन (एक अमिनो आम्ल) आणि ब जीवनसत्त्वं घातलेलं, औषधासारखं घ्यायचं. ते थायलंडमध्ये पोचलं आणि ट्रकचालक, रात्रपाळीचे कामगार, बांधकामावरचे मजूर यांच्यात रुळलं. बँकॉकमध्ये औषधांचा धंदा करणाऱ्या चालियो यूविथया यांनी १९७६ मध्ये क्राटिंग डेंग काढलं ते याच लोकांसाठी. लेबलवर एकमेकांवर चालून जाणारे दोन लाल प्राणी आहेत, ते बैल नाहीत, गवे आहेत, आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातले गवे ज्यांनी पाहिलेत ते लगेच ओळखतील.

१९८२ मध्ये डिट्रिश माटेशिट्झ हे ऑस्ट्रियन गृहस्थ टूथपेस्टच्या कंपनीच्या कामासाठी थायलंडला आले आणि लांबच्या विमानप्रवासाचा शीण या बाटलीने गेला असं त्यांना वाटलं. १९८४ मध्ये चालियो आणि माटेशिट्झ या दोघांनी प्रत्येकी पाच लाख डॉलर घालून ऑस्ट्रियात कंपनी काढली. ४९ टक्के याचे, ४९ टक्के त्याचे, उरलेले २ चालियो यांच्या मुलाचे. पेय बाजारात आलं ते १९८७ मध्ये. मधल्या काळात काय केलं? गॅस घातला, गोडी कमी केली, बारीक उंच कॅन केला आणि किंमत मुद्दाम चढी ठेवली. थायलंडमध्ये मजुराच्या खिशाला परवडणारी बाटली होती. युरोपात ती स्कीइंगला जाणाऱ्या पैसेवाल्या तरुणांच्या हाती दिली.

फॉर्म्युलेशन करणारी व्यक्ती म्हणून मला यात पाणी घालणं दिसत नाही, दोन वेगळ्या गिऱ्हाइकांसाठी केलेली दोन पेयं दिसतात. उन्हात घाम गाळणाऱ्याला गोड, पटकन संपणारं काहीतरी हवं असतं. रात्री मित्रांत उभं राहून हातात धरायचं पेय सावकाश संपायला हवं. दोन्हींत उत्तेजक एकच, कॅफीन.

टॉरीनबद्दल दोन वाक्यं, कारण शाकाहारी लोक हे हमखास विचारतात. १८२७ मध्ये ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळं केलं गेलं, पण पेयात घातलं जाणारं टॉरीन कारखान्यात रसायनांपासून बनतं, प्राण्यापासून नाही. आणि ते उत्तेजक नाही. तुम्हाला जाग येते ती त्याने नव्हे.

आता तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते बोलू. मला वाटतं, खरा प्रश्न इथे आहे. बाटलीतले ५० मिलिग्रॅम सगळ्यांना सारखेच मिळतात, पण सगळ्यांच्या शरीरात ते सारखा वेळ राहत नाहीत. निरोगी प्रौढात निम्मं कॅफीन बाहेर पडायला सरासरी पाचेक तास लागतात. दुपारी चारला एक बाटली घेतलीत तर रात्री नवाला २५ मिलिग्रॅम शिल्लक. झोप हलकी असलेल्याला तेवढं पुरतं. धूम्रपान करणाऱ्यांत कॅफीन लवकर निघून जातं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते जवळपास दुप्पट वेळ राहतं, आणि गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, त्याहूनही जास्त. तुमच्या पत्नीला यातलं काही लागू असेल तर त्यांनी ‘नवऱ्याला काही झालं नाही, मलाही होणार नाही’ असा हिशेब धरू नये. गरोदर असतील तर एनर्जी ड्रिंक नकोच. ते आपल्या कॅनवरही छापलेलं असतं आणि थाई बाटलीवरही.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते आणि आपल्या प्रवाशांना ती नेमकी लागू पडते. परदेशी जाताना आपण पोट बिघडल्यावर घ्यायच्या गोळ्या सोबत नेतो. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक असेल, तर ते औषध यकृतातलं कॅफीन मोडणारं एन्झाइम अडवतं. कॅफीन मग तासन्‌तास साचून राहतं. हात थरथरणं, धडधड, अस्वस्थता हे सगळं एका साध्या कॉफीनेही होऊ शकतं. शिवाय पोट बिघडलेलं असताना एवढी साखर आतड्यात घालणं जुलाबाला मदतच करतं. तेव्हा पोट बिघडलं तर ओआरएस घ्या. एनर्जी ड्रिंक पोट बरं होऊन गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत राहू द्या. ‘अशक्तपणा आलाय, जरा तरतरी येईल’ म्हणून याच वेळी ती बाटली हातात घेतली जाते, म्हणून इतकं आवर्जून सांगतेय.

वडिलांचं. बीपीची गोळी घेणाऱ्याने पूर्ण बाटली प्यावी का, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचं. मी सांगणार नाही. कॅफीनने रक्तदाब काही तास वाढू शकतो, सवय नसलेल्यांत जास्त. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास कधी झाला असेल तर विचारायचीही गरज नाही, नकोच. पण तुम्ही ‘चव’ म्हणालात, आणि चव म्हणजे दोन चमचे. दहा मिलीत कॅफीन किती? साधारण तीन मिलिग्रॅम. घरच्या चहाच्या एका कपात, पावडर आणि उकळण्याप्रमाणे, तीस ते पन्नास असतं. जो माणूस रोज दोन वेळा चहा घेतो त्याला दोन चमच्यांनी कॅफीनचा त्रास होणार नाही. मधुमेह असेल तर साखरेचा विचार वेगळा करा, पण दोन चमच्यांत तीही फार नसते. छोट्या पेल्यात काढून द्या, बाटली हातात देऊ नका. हातात दिली की ती आधी अर्धी आणि मग पूर्ण संपते. छोटी बाटली किती पटकन संपते, हे मी वर सांगितलंच.

किती चालेल याचा अंदाज हवा असेल तर: युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत काळजी नाही असं सांगितलं, गरोदर स्त्रियांसाठी दिवसाला २००. हा सगळ्या स्रोतांचा मिळून आकडा आहे, त्यात चहा, कॉफी, कोला सगळं धरायचं. थायलंडच्या बाटल्यांवर मात्र ‘दिवसाला दोनपेक्षा जास्त नको’ अशी स्पष्ट सूचना असते. ४०० च्या मानाने १०० मिलिग्रॅम कमी वाटेल. पण त्या देशातला उकाडा, तिथली साखर आणि पिणारे कोण, हे पाहता मला ती सूचना शहाणपणाची वाटते. प्रवासात मी त्याचंही निम्मं धरेन: दिवसाला एक, तीही दुपारी जेवणाच्या आधी.

उकाड्यावरून आठवलं. तहान लागलीय म्हणून ही बाटली पिऊ नका. ५० मिलिग्रॅम कॅफीनने शरीर कोरडं पडतं ही अतिशयोक्ती आहे, तसं होत नाही. पण १५० मिली गोड पाक हा तहानेवर उपाय नव्हे. आधी पाणी, शहाळं मिळालं तर शहाळं, मग हौस.

क्राबीकडे, बेटांवर, समुद्रकिनाऱ्याच्या पार्ट्यांत खेळण्यातल्या छोट्या बादलीत दारू, कोला आणि यातलीच एक बाटली ओतून चार-पाच नळ्या टाकून देतात. ते घेऊ नका, एवढंच सांगते. कॅफीनने दारूचा अंमल उतरत नाही, फक्त झिंगल्याची जाणीव बोथट होते आणि माणूस आणखी पितो, स्कूटर चालवतो, रात्री समुद्रात उतरतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये कॅफीन घातलेल्या तयार दारूच्या पेयांवर चार कंपन्यांना इशारापत्रं दिली ती याच कारणाने. बादलीत कुणी किती ओतलंय, ते तुम्हाला कळायचा मार्गही नसतो.

आता हौसेचं. माझं मत विचाराल तर जरूर पिऊन पाहा. एखाद्या देशाची चव फक्त त्याच्या जेवणातच असते असं नाही. तिथला कामगार काय पिऊन पाळीवर जातो, तेही कळायला हवं. कुठल्याही सेव्हन-इलेव्हनमध्ये किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात थंड फळीवर ती तपकिरी काचेची छोटी बाटली असते. तिथे रेड बुलचा गॅसवाला उंच कॅन दिसला आणि तोच उचललात तर तुमचा प्रयोग वाया गेला, कारण चाखायची आहे ती बिनगॅसची बाटली. लेबल थाई लिपीत असलं तरी मिलिग्रॅमचे आकडे आपल्याला वाचता येतील अशा इंग्रजी अंकांतच असतात. ५० शोधा.

पिताना घाई करू नका. पारदर्शक ग्लासात ओता, आधी वास घ्या, मग पहिला घोट थंडच घ्या आणि दोन-तीन सेकंद तोंडात फिरवा. मध्ये साधं पाणी प्या. मग थोडा भाग दहा मिनिटं बाहेर ठेवून कोमट झाल्यावर चाखा. गोडी वर आलेली आणि जीवनसत्त्वांचा वास उघडा पडलेला लगेच कळेल. तिथले लोक बर्फावर ओतूनही पितात, तेही करून पाहा, मला स्वतःला ते जास्त आवडतं, कारण बर्फ वितळला की गोडी खाली येते आणि आम्ल पुढे येतं. बायको सोबत आहेच, तर आमच्या प्रयोगशाळेतली एक चाचणी करता येईल: तीन सारखे पेले, दोनांत क्राटिंग डेंग, एकात एम-१५०, डोळे मिटून वेगळा कोणता ते ओळखायचं. एकेका पेल्यात तीन-चार चमचेच, म्हणजे कॅफीनही मोजकं राहील. न ओळखता येण्याइतकी ती दोन पेयं सारखी आहेत की नाहीत हे तुमचं तुम्हालाच ठरवू द्या. मी आधीच सांगितलं तर तुमची जीभ माझं ऐकेल.

कुणी हे वाचून जपानला जाणार असेल तर तिथे फरक उलटा आहे. तिथे टॉरीन औषधाच्या नियमाखाली येतं, त्यामुळे लिपोविटानसारख्या औषधी वर्गातल्या बाटलीत ते असतं, पण साध्या शीतपेय म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड बुलमध्ये त्याऐवजी आर्जिनीन हे दुसरं अमिनो आम्ल घातलेलं असतं. फ्रान्समध्येही टॉरीनच्याच वादामुळे रेड बुल २००८ पर्यंत बंद होतं. चीनला गेलात तर सोनेरी कॅन, बिनगॅसचा. व्हिएतनाममध्येही सोनेरीच आणि बिनगॅसचाच, तिथे तो बर्फाच्या उंच ग्लासाबरोबर देतात. नाव एक असलं तरी पेय त्या त्या देशाच्या कायद्याने आणि जिभेने घडवलेलं असतं, म्हणून एका देशात झालेला अनुभव दुसऱ्या देशात धरून चालू नका.

राहिल्या मित्रांच्या चार बाटल्या. विमानात हातातल्या सामानात द्रवाचं भांडं १०० मिलीपेक्षा मोठं चालत नाही, आणि ही बाटली १५० ची. सुरक्षा तपासणीत ती काढून घेतील, सील असलं तरी. म्हणून चेक-इनच्या बॅगेत, आणि काच असल्यामुळे प्रत्येक बाटली आधी झिपच्या पिशवीत, मग मोज्यात किंवा टॉवेलमध्ये, आणि बॅगेच्या मधोमध. एक फुटली तर तो पाक कपड्यांवरून सहज निघत नाही आणि रिबोफ्लेव्हिनचा (ब-२ जीवनसत्त्वाचा) पिवळा डागही राहतो. स्वतःपुरत्या चार बाटल्या वेगळ्या आणि पेटीभर आणून विकणं वेगळं. विक्रीसाठी आयात करायला एफएसएसएआयचा परवाना आणि आपल्या नियमांचं लेबल लागतं, त्या भानगडीत पडू नका.

आणि मित्रांना बाटल्या देताना ‘एकात ५० मिलिग्रॅम, आपल्या कॅनपेक्षा कमी’ हे सांगूनच द्या. न सांगता दिल्या तर ते चारही जण रात्रभर जागे राहतील, कारण कडक असेल अशी अपेक्षा ठेवून प्यायलेलं पेय पुष्कळदा कडकच वाटतं. चवचाचणीत आम्ही नमुन्यांवर नाव न लिहिता नुसते आकडे टाकतो ते त्यामुळेच.